कर्ता हरवलेली नदी : प्रदूषणविषयक मराठी लेखनाचे व्याकरण

मराठी माध्यमात शिकलेल्या बहुतेक वाचकांनी विद्यार्थिदशेत एकदा तरी नदीच्या तोंडून बोलण्याचा अनुभव घेतलेला असतो. ‘नदीचे आत्मवृत्त’ किंवा ‘मी नदी बोलते आहे’ हा निबंध परीक्षेसाठी लिहिला जातो, गाइडमधून पाठ केला जातो आणि गुण पदरात पडल्यावर विसरलाही जातो. वाङ्मयप्रकारांच्या चर्चेत त्याला स्थान असण्याचे कारण नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु प्रदूषणाविषयी मराठीत जे काही लिहिले जाते त्यात संख्येने सर्वाधिक भरणा बहुधा याच निबंधाचा असावा. आणि प्रौढ लेखक, पत्रकार, वक्ते या विषयावर जी वाक्ये लिहितात वा बोलतात, त्यांची घडण याच निबंधात झालेली असते. म्हणून प्रदूषणविषयक मराठी लेखनाचा विचार कादंबरीपासून किंवा कवितेपासून सुरू न करता या उपेक्षित संहितेपासून सुरू करणे अधिक उचित ठरते.

या निबंधाचा साचा ठरलेला आहे. आरंभी नदी आपला उगम सांगते; मग शेते, पशुपक्षी, देवळे आणि घाट यांच्या सहवासातील सुखाचे दिवस येतात. ‘पण’ या अव्ययानिशी दुसरा भाग सुरू होतो. पाणी काळे होते, मासे मरतात, दुर्गंधी सुटते, नदी रडते. अखेरच्या परिच्छेदात ती मानवाला विनवते आणि विद्यार्थी आपणा सर्वांना नदी वाचवण्याची शपथ घ्यावयास सांगतो. यातील क्रियापदे वेगळी काढून पाहिली की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. भूतकाळात आणि वर्तमानकाळात जे घडले आहे त्याला कर्ता नाही : पाणी काळे ‘झाले’, सांडपाणी ‘मिसळले’, मासे ‘मेले’. भविष्यकाळात आणि विध्यर्थात मात्र सगळेच कर्ते आहेत : आपण सर्वांनी नदी वाचवली ‘पाहिजे’. अपराध कोणाचाच नाही आणि प्रायश्चित्त सर्वांचे, अशी ही वाक्यरचनेतील वाटणी आहे. ज्याने काही केले नाही त्यालाही शपथ घ्यावी लागते, आणि ज्याने केले त्याला इतरांइतकीच शपथ घेऊन सुटता येते.

एम. ए. के. हॅलिडे यांनी १९९० साली थेसालोनिकी येथील भाषाविज्ञान परिषदेत केलेल्या भाषणात पर्यावरणाच्या प्रश्नाचा संबंध थेट व्याकरणाशी जोडला होता. इंग्रजी भाषा हवा, पाणी, तेल यांना अगणनीय नामांच्या वर्गात टाकते, त्यामुळे ती कधीही न संपणारी वाटतात. आणि मानवेतर सृष्टीला ती कर्तेपद देण्यास नाखूश असते, असे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होते. या भाषणातून पुढे पर्यावरणीय भाषाविज्ञान नावाची शाखा वाढली. मराठीला हे निदान जसेच्या तसे लावता येणार नाही. मराठीत नदी कोपते, पाऊस रुसतो, भुई भेगाळून आभाळाकडे बघते. सृष्टीला कर्तेपद देण्यात मराठीने कधीच हात आखडता घेतलेला नाही. आत्मवृत्तात तर बोलणारी, सोसणारी, विनवणारी अशी सर्व क्रियांची धनीण नदीच असते. तेव्हा मराठीतील अडचण हॅलिडे यांनी दाखवलेल्या अडचणीच्या नेमकी उलट आहे. येथे नदीला कर्तेपद मिळाले आणि त्या भरात माणसाचे नाहीसे झाले.

हा दोष भाषेच्या माथी मारता येत नाही. मराठीत अकर्मक आणि प्रयोजक धातूंच्या जोड्या विपुल आहेत : बिघडणे–बिघडवणे, नासणे–नासवणे, मळणे–मळवणे. भूतकाळी सकर्मक क्रियापदाबरोबर कर्त्याला ‘ने’ हा प्रत्यय लागून तो ठसठशीतपणे पुढे येतो. ‘अमक्याने सांडपाणी सोडले’ हे वाक्य मराठीत अवघडही नाही आणि कृत्रिमही नाही. तरीही पंचगंगेविषयीची वृत्तपत्रीय वाक्ये पाहावीत. ‘मळीमिश्रित पाणी नदीत मिसळल्याने माशांचा खच’ हा मथळा कोल्हापूर जिल्ह्यातील वाचकाला इतका परिचित आहे की त्यातील रिकामी जागा त्याला जाणवतही नाही. ‘मिसळल्याने’ या एका रूपात कारण सांगितल्याचा भास होतो आणि कारण कोण, ते मात्र सांगितलेच जात नाही. ‘सांडपाणी’ हा शब्दही या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे. ‘सांडणे’ हा धातू अकर्मक आणि सकर्मक असा दोन्ही प्रकारे चालतो. पाणी सांडते आणि पाणी सांडलेही जाते. समासात हा भेद पुसला जातो, आणि उरते ते आपोआप सांडलेले पाणी.

वास्तव काय आहे, हे थोडक्यात नोंदवणे येथे आवश्यक आहे. कारण व्याकरणाची चर्चा वस्तुस्थितीला सोडून करता येत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेनुसार गुप्त सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे पंचगंगा होते आणि कोल्हापूर, इचलकरंजीवरून वाहत जाऊन नृसिंहवाडी येथे कृष्णेला मिळते. या प्रवासात तिला कोल्हापूर शहराचे मैलापाणी जयंती आणि दुधाळी या नाल्यांवाटे मिळते, काठच्या गावांचे सांडपाणी मिळते, साखर कारखानदारीचे आणि इचलकरंजीतील कापड प्रक्रिया उद्योगांचे पाणी मिळते. कसबा बावडा येथे दररोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे प्रक्रिया केंद्र उभे राहिले, दुधाळीलाही केंद्र झाले. तरी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, आणि ज्यांतील ५३ एकट्या महाराष्ट्रातील होते, तिच्यात पंचगंगा होतीच. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ पसरली आणि माणसे दगावली. त्याच सुमारास नदीचा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात गेला.

‘मासे मेले’ या दोन शब्दांत काय दडते तेही पाहिले पाहिजे. पाण्यात सेंद्रिय घाण वाढली की ती कुजवणारे सूक्ष्मजीव विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. उन्हाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घातलेले असतात, प्रवाह थांबलेला असतो, आणि घाण एका जागी मुरत राहते. मग शिरोळ तालुक्यातील तेरवाडसारख्या बंधाऱ्यावर मासे पृष्ठभागावर येऊन श्वासासाठी तडफडतात. ते मरत नाहीत, गुदमरवले जातात. ही क्रिया सावकाश, टप्प्याटप्प्याने आणि अनेकांच्या हातून घडते. रॉब निक्सन यांनी २०११ साली ज्याला संथ हिंसा म्हटले, तिचे हे ठळक उदाहरण होय. संथ हिंसेला एकच क्षण नसतो, एकच हात नसतो, म्हणून कथनाला तिची पकड बसत नाही, हे निक्सन यांचे म्हणणे मान्य करता येते. परंतु अनेक कर्ते असणे आणि कर्ता नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी लेखन पहिलीकडून दुसरीकडे फार सहज घसरते.

अशा घसरणीचे कारण शोधताना मराठी समाजाच्या शब्दसंग्रहात अधिक खोल जावे लागते. ‘प्रदूषण’ हा शब्द संस्कृत असला तरी आजच्या अर्थाने तो मराठीत रुळला तो गेल्या अर्धशतकात. महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला, १९७० साली मंडळ स्थापन झाले, १९७४ साली केंद्राचा कायदा आला. शासनव्यवहारातून हा शब्द पाठ्यपुस्तकांत आणि तेथून निबंधांत उतरला. मग त्यापूर्वी पाणी खराब होण्याविषयी मराठी समाज बोलत नव्हता काय? तो बोलत होता, आणि फार तीव्रतेने बोलत होता. मात्र त्याचे शब्द वेगळे होते. विटाळ, बाट, शिवाशिव हे ते शब्द. यांतील ‘बाटवणे’ हे क्रियापद प्रयोजक आहे. विहीर बाटते तेव्हा ती कोणीतरी बाटवलेली असते, आणि तो कोणीतरी कोण, याविषयी बोलणाऱ्याच्या मनात तिळमात्र संशय नसतो. त्याची जात ठाऊक असते, वस्ती ठाऊक असते, शिक्षाही ठरलेली असते. पाण्यात प्रत्यक्ष काहीही न मिसळता घडणाऱ्या या काल्पनिक दूषणाला मराठीने अत्यंत स्पष्ट कर्ता दिला. पाण्यात प्रत्यक्ष विष मिसळले जाऊ लागले तेव्हा मात्र तीच भाषा अकर्मक झाली.

महाडच्या चवदार तळ्याचा प्रसंग या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह २० मार्च १९२७ रोजी तेथील पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून टाकण्यात आले आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या घागरी मंत्रोच्चारांत तळ्यात रिकाम्या करण्यात आल्या. १९७४ च्या कायद्याची व्याख्या लावली, तर त्या दिवशी तळ्यात सेंद्रिय घाण टाकणारे कोण होते, हे सांगण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता पडू नये. शुद्धी आणि स्वच्छता या दोन कल्पना केवळ भिन्न नाहीत, त्या परस्परांच्या विरोधात काम करू शकतात, हे या प्रसंगाइतके उघडपणे अन्यत्र क्वचितच दिसते. उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडावे लागले.

मेरी डग्लस यांनी १९६६ सालच्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात घाण म्हणजे अस्थानी असलेली वस्तू, अशी मांडणी केली. घाणीची कल्पना ही समाजाच्या वर्गीकरणाची सावली असते, असा तिचा आशय. मराठी समीक्षेत या मांडणीचा उपयोग अस्पृश्यतेच्या चर्चेत करता येतो, परंतु नदीच्या चर्चेत ती अपुरी पडते. कारण पारा, शिसे किंवा मैला यांचा उपद्रव वर्गीकरण बदलल्याने कमी होत नाही. केली अ‍ॅली यांनी २००२ साली काशीच्या गंगेविषयी केलेला अभ्यास येथे अधिक उपयोगी आहे. गंगा ‘गंदी’ होऊ शकते, पण ‘अपवित्र’ होऊ शकत नाही, असे घाटावरील भाविक आणि पंडे मानतात, आणि म्हणून घाणीची जाणीव असूनही ती घाण त्यांच्या कृतीत उतरत नाही, असे त्या दाखवतात. पंचगंगेच्या घाटावर हेच घडते. नदीला माता म्हणणारे वाक्य आणि नदीत पाय न बुडवण्याचा सल्ला देणारे वाक्य एकाच माणसाच्या तोंडून, एकाच दमात निघते, आणि त्यात त्याला विसंगती वाटत नाही. आत्मवृत्तातील नदी बोलते ती या मातेच्या आवाजात. आई मुलावर खटला भरत नाही. ती रडते आणि क्षमा करते. कर्ता हरवण्याची सोय या रूपकातच आहे.

मराठी कथात्म साहित्याने या बाबतीत काय केले? विस्थापनाच्या संदर्भात त्याने कर्ता धीटपणे शोधला आहे. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ (१९९१) मध्ये धरणाने गावे उठतात, परंतु ‘धरणाने’ एवढ्यावर कादंबरी थांबत नाही. कचेऱ्या, पुढारी, दलाल अशी माणसांची साखळी ती उभी करते. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (१९७१) कागल परिसराच्या बोलीत नारबा हा शेतगडी मळ्यातील जनावरांचे आणि झाडांचे जग सांगतो, आणि ट्रॅक्टर येतो तेव्हा तो आपोआप येत नाही, मालक तो आणतो, बैल विकतो. पर्यावरणीय समीक्षा हा शब्द विल्यम रूकर्ट यांनी १९७८ साली वापरला आणि लॉरेन्स ब्यूल, शेरिल ग्लॉटफेल्टी यांच्या ग्रंथांमुळे तो १९९५–९६ नंतर स्थिरावला. त्या सर्वांच्या आधी लिहिली गेलेली ‘गोतावळा’ ही कादंबरी त्या समीक्षेच्या बहुतेक कसोट्यांना उतरते. तिची चर्चा मात्र अजूनही ग्रामीण बोलीच्या आणि आत्मपरतेच्या चौकटीतच अधिक होते, ही खेदाची बाब आहे.

प्रदूषणाच्या बाबतीत चित्र इतके आशादायक नाही. मधु मंगेश कर्णिकांच्या ‘माहीमची खाडी’त (१९६९) खाडीकाठच्या झोपडपट्टीचे जग येते आणि घाण हे त्या जगाचे वातावरण ठरते; परंतु ती घाण वस्तीच्या जगण्याचे रूपक म्हणून इतकी प्रभावी होते की, महानगराचे मैलापाणी खाडीत कोण सोडतो, हा प्रश्न रूपकाच्या भाराखाली दबून जातो. घाण जेव्हा अधःपतनाचे प्रतीक बनते तेव्हा घाणीत राहणाराच घाणीचा धनी ठरण्याचा धोका असतो. हा ‘बाटवणे’चा जुना संस्कार आहे, फक्त आधुनिक वेषातला. दलित साहित्याने त्याला उलटे केले. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) गटार आणि पू हे सौंदर्यशास्त्रीय धक्क्यासाठी येत नाहीत, शहराने आपली घाण कोठे टाकली आणि ती साफ करायला कोणाला उतरवले, याचा तो जबाब आहे. निपाणीच्या महादेव मोरे यांनी तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायकांच्या कथा लिहिल्या, त्यांतही हवेतील धूळ ही पार्श्वभूमी राहत नाही. ती मजुरीच्या दराशी आणि वखारमालकाशी जोडलेली असते. प्रदूषणाची सर्वांत नेमकी मराठी पाने पर्यावरणाचे नाव न घेणाऱ्या लेखकांकडे सापडावीत, हे विचार करण्याजोगे आहे.

ग्रामीण साहित्याच्या बाजूने आणखी एक उणीव दाखवता येते, आणि तिच्यासाठी गडमुडशिंगीचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. करवीर तालुक्यातील या गावाच्या एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ आहे, ज्याच्या विस्तारासाठी या गावच्या जमिनी गेल्या. पलीकडे गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत. दुसरीकडे गांधीनगरची घाऊक बाजारपेठ, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभारलेली. तिच्या शेजारचे वळिवडे म्हणजे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांना आसरा देणारे गाव. शहराच्या हद्दवाढीची चर्चा निघाली की अशा गावांची नावे पुढे येतात आणि विरोधाचे फलकही लागतात. असे गाव ग्रामीण कादंबरीत बसत नाही, कारण तेथे उसाबरोबर गोदामे आहेत. आणि महानगरी कवितेत बसत नाही, कारण तेथे यात्रा आहे, भावकी आहे. मराठी कथनाच्या सवयीनुसार प्रदूषण ‘शहरातून येते’ आणि निष्पाप गावाला ग्रासते. शहर आणि गाव यांच्या सीमेवरील गावात ही मांडणी मोडते. तेथला माणूस सकाळी पिकाला फवारणी करतो, दुपारी कारखान्यात पाळी करतो आणि संध्याकाळी बाजारातून प्लास्टिकच्या पिशवीत भाजी आणतो. तोच सोसणारा आणि तोच करणारा. अशा माणसाच्या निवेदनातून लिहिलेली कादंबरी मराठीला हवी आहे. गडमुडशिंगीच्या शाळेतील विद्यार्थ्याने नदीचे आत्मवृत्त लिहायला घेतले तर त्याला आपल्या अंगणातून वाहणाऱ्या मोरीच्या पाण्याविषयी लिहिण्याची मुभाच नसते. निबंधातील नदी नेहमी दूरची, अनामिक आणि डोंगरात उगम पावलेली असते.

लोकसहभागाचा प्रश्न येथे उपस्थित होतो. ‘प्रदूषण रोखण्यासाठी लोकांनी काय करावे’ या विषयावर याद्या पुष्कळ आहेत. साहित्यसमीक्षेला त्यांत भर घालायची नाही. परंतु कोणत्या भाषेत केलेले आवाहन माणसाला कृतीस लावते, हे पाहणे तिच्या कक्षेत येते. १९७४ च्या कायद्याच्या २४ व्या कलमाची रचना या दृष्टीने उद्बोधक आहे. कोणीही व्यक्ती जाणूनबुजून प्रवाहात विषारी वा प्रदूषक द्रव्य सोडणार नाही आणि सोडू ‘देणार’ नाही, असा त्याचा आशय आहे. कायद्याने ‘होणे’ आणि ‘करणे’ यांच्यामध्ये ‘होऊ देणे’ ही तिसरी कोटी मान्य केली. मराठीतील ‘देणे’ हे साहाय्यक क्रियापद या अर्थछटेसाठी तयारच आहे. आईवडील मुलाला जाऊ देतात, गावकरी तलाठ्याला जाऊ देत नाहीत. सर्वसामान्य माणसाचा प्रदूषणातील वाटा बहुतांशी या क्रियापदात बसतो. तो नदीत रसायने सोडत नाही. आपल्या ग्रामपंचायतीचा नाला तसाच नदीत जाऊ देतो. ‘आपण सारे दोषी आहोत’ हे वाक्य त्याला खोटे वाटते आणि ते अंशतः खोटेच असते. ‘आपण हे होऊ दिले’ हे मात्र त्याला नाकारता येत नाही, आणि पुढील ग्रामसभेत शोषखड्ड्यांचा, सांडपाण्याच्या व्यवस्थेचा विषय मांडण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही.

आवाहनाच्या भाषेचा दुसरा नमुना गाडगे महाराजांच्या कीर्तनात आहे. (त्यांच्या नावाने २०००–०१ पासून राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालले, त्याची प्रसिद्धिपत्रके मात्र पुन्हा त्याच ‘पाहिजे’च्या भाषेत लिहिली गेली.) दिवसा स्वतः गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे, असा त्यांचा क्रम होता, आणि कीर्तन प्रश्नोत्तरांचे असे. श्रोत्याला ते विचारीत आणि श्रोत्याकडूनच उत्तर वदवून घेत. संहिता म्हणून पाहिले तर येथे कर्ता दोनदा निश्चित होतो : झाडणारा ‘मी’ आधीच प्रत्यक्ष दिसलेला असतो, आणि उत्तर देणारा ‘तुम्ही’ गर्दीतून उचललेला असतो. ‘आपण सर्व’ या सोयीच्या सर्वनामाला तेथे जागाच राहत नाही. अशी रचना छापील निबंधात आणणे सोपे नाही, हे खरे.

तिसरा नमुना खुद्द पंचगंगेच्या काठावरचा आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने आणि अन्य परिवर्तनवादी संघटनांनी गणेशमूर्ती आणि निर्माल्य नदीत न सोडण्याची मोहीम घाटांवर चालवली. तिचे यश मोठ्या प्रमाणात एका शब्दाचे यश आहे. ‘विसर्जन करू नका’ असे म्हटले असते तर तो निषेध झाला असता आणि श्रद्धाळू मन त्याला विरोध करते झाले असते. मोहिमेने ‘मूर्तिदान’ हा शब्द दिला. दान ही पुण्यकारक क्रिया, तिला दाता लागतो, आणि दाता हा संकल्पात स्वतःचे नाव घेणारा कर्ता असतो. उत्तरपूजेनंतर मूर्तीतील देवत्व राहत नाही, हा परंपरेतलाच विचार या शब्दाला आधार म्हणून उभा राहिला. मूर्तीचे दान शास्त्रात नाही, हा आक्षेप पुढे घेण्यात आला आणि त्यावरून वादंगही झाले. परंतु वाद शब्दावर झाला, हीच त्या शब्दाच्या सामर्थ्याची खूण होय. केंद्रीय मंडळाने २०१० साली विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२० साली ती सुधारली. त्यांच्या बऱ्याच आधी घाटावरच्या कार्यकर्त्यांना एका नामाची आणि एका क्रियापदाची गरज कळली होती.

तथापि या यशाचे अवाजवी कौतुक करण्याचे कारण नाही. नदीच्या एकूण प्रदूषणात मूर्तींचा वाटा वर्षातील थोड्या दिवसांपुरता. नाल्यांचा मैला आणि उद्योगांचे पाणी वर्षभर येते. जे डोळ्यांना दिसते, ज्याचे छायाचित्र निघते आणि ज्यावर व्यक्तीला एका संध्याकाळी निर्णय घेता येतो, तेवढ्याच प्रदूषणाला मराठीत कर्ता मिळाला. उरलेले अकर्मक राहिले. दान केलेल्या मूर्ती पुढे कोल्हापुरात प्रामुख्याने इराणी खणीत जातात. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती नदीत विरघळत नाही तशी खणीतही विरघळत नाही. दानाची भाषा दात्यापाशी थांबते. घेणाऱ्याने त्या वस्तूचे काय केले, हे विचारण्याची सोय तिच्यात नाही. भाषिक युक्तीची ही मर्यादा समीक्षकाने नजरेआड करू नये.

आणि याच काळात शहराने स्वतःसाठी वेगळेच उत्तर शोधले. कोल्हापूर आपले पिण्याचे पाणी बालिंगा, शिंगणापूर येथून उचलत आले, म्हणजे आपले नाले नदीला मिळण्यापूर्वी, वरच्या अंगाला. पुढे काळम्मावाडी धरणातून पन्नासहून अधिक किलोमीटरची वाहिनी टाकण्यात आली आणि २०२३ च्या दिवाळीत दूधगंगेचे पाणी शहरात पोहोचले. लोकभाषेत आणि वृत्तपत्रांत या योजनेचे नाव ‘थेट पाइपलाइन’ असे आहे. ‘थेट’ या विशेषणातून काय वगळले गेले, हे फारसे कोणी विचारले नाही. वगळली गेली ती पंचगंगा. शहर आता दूधगंगेचे पाणी पिते आणि वापरलेले पाणी पंचगंगेच्या वाट्याला येते; ज्या नदीत ते सोडायचे तिचे पाणी पिण्याची अगतिकता कमी झाली की तिची काळजी करण्याचे एक व्यावहारिक कारणही कमी होते. इचलकरंजीनेही आधी कृष्णेकडे आणि मग दूधगंगेकडे हात पसरले. दूधगंगाकाठच्या गावांनी त्याला विरोध केला, तेव्हा त्या विरोधात कर्ता, कर्म आणि क्रियापद सर्व काही जागच्या जागी होते. तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी राहणाऱ्या माणसाला कोणतीही थेट वाहिनी नाही. बरगे काढल्यावर जे पाणी खाली येते त्याला तो ‘काळं पाणी’ म्हणतो, आणि ते कोणी सोडले असे विचारले तर वरच्या अंगाला हात करून एकेका ठिकाणाचे नाव घेतो.